परभणीकराचें हिमदर्शन

हिमाविषयीं परभणीच्या माणसानें लिहावें हें वाचकांस थोडें विनोदाचें वाटेल. आमच्या जिल्ह्यांत उन्हाळा म्हणजे काय हें कोणास शिकवावें लागत नाहीं. मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर चढतो आणि दुपारीं बारा ते चार रस्त्यावर कुत्रेंहि दिसत नाहीं. थंडी अगदींच नाहीं असें मात्र नव्हे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील कृषि विद्यापीठाच्या वेधशाळेंत किमान उष्णमान २ अंशांवर उतरलें होतें, आणि त्या सकाळीं दुधनेकांठच्या आमच्या शेतांत हरभऱ्यावरचें दहिंवर गोठून पांढुरकें झालें होतें, असें आमच्या धाकट्या बंधूंनीं मुद्दाम येऊन सांगितलें. यापलीकडे बर्फ म्हणून आम्हांस ठाऊक असलेला पदार्थ म्हणजे लांकडाच्या भुशांत गुंडाळून रसवंतीवर येणारी लादी, आणि एखाद्या वाईट वर्षीं आभाळांतून पडणाऱ्या गारा.

असें असूनहि सुमारें तीस वर्षें आम्हीं शाळेंत हिमालय शिकविला. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'चा पहिला सर्ग हिमालयाच्या वर्णनानें सुरू होतो. तो वर्गांत लावून देतांना आम्ही हिमावर पुष्कळ बोलत असूं. अमरकोशांतले शब्द मुलांकडून पाठ करून घेत असूं: तुषार, तुहिन, नीहार, प्रालेय, अवश्याय, मिहिका. यांतला कोणता शब्द दंवाचा, कोणता धुक्याचा आणि कोणता खऱ्या हिमाचा, हें कोशकारानें वेगळें काढलेलें नाहीं, आणि परभणीस बसून तें काढण्याची सोयहि नाहीं. एक शब्द मात्र आम्हांस विशेष आवडे. हिम शब्दास स्त्रीप्रत्यय लागून 'हिमानी' होतें. परंतु त्याचा अर्थ हिमाची पत्नी असा होत नाहीं, मोठें हिम, हिमाची रास असा होतो. अरण्यावरून अरण्यानी होतें तशीच ही गोष्ट. व्याकरणकारांस यासाठीं वेगळें वार्तिक करावें लागलें, त्यावरून तसली रास पाहिलेलीं माणसें हा शब्द नित्य वापरीत असलीं पाहिजेत. आमच्या मराठीनें मात्र रसवंतीची लादी आणि आकाशांतून उतरणारा कापूस या दोहोंस 'बर्फ' हा एकच शब्द देऊन हात झटकले आहेत. एकदां नववींतल्या एका चुणचुणीत मुलानें विचारलें, "सर, तुम्हीं हिम पाहिलें आहे का?" आम्हीं नाहीं म्हटलें. वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों, आणि पुढचा श्लोक घेतला.

२०२४ सालीं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत तो योग आला. पुण्यास असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं गुलमर्गची टूम काढली. साठी उलटलेल्या माणसानें काशीस जावें, काश्मीरांत त्याचें काय काम, असें आम्ही म्हणून पाहिलें. पण सौभाग्यवतींनीं तत्पूर्वींच होकार दिलेला होता, आणि बारा वर्षांच्या नातीनें तर आमच्या कानटोपीचें मापहि घेऊन ठेविलें होतें. बंधूंनींहि यावें असा आग्रह झाला. परंतु ज्वारी उभी असतांना शेत सोडून ते हलले नाहींत. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनें दिल्ली, तेथून विमानानें श्रीनगर आणि पुढें मोटारीनें सुमारें पन्नास किलोमीटर, असा हा प्रवास आहे. टंगमर्ग सोडल्यावर रस्ता उंच वृक्षांमधून वळणें घेत चढतो, आणि एका वळणावर झाडें एकदम मागें सरतात.

गुलमर्ग म्हणजे सुमारें ८,७०० फुटांवर ठेवलेली एक भली मोठी परात आहे. कडेनें काळसर हिरव्या सूचिपर्णी झाडांची रांग, पाठीशीं अफरवट नांवाचा डोंगर, आणि परातींत सर्वत्र हिम. आम्हांस पहिल्यानें जाणवली ती तेथील शांतता. हिमाच्या थरांत हवाच पुष्कळ असते आणि ती आवाज शोषून घेते. शेजारून घोडा गेला तरी टापा ऐकूं आल्या नाहींत. दुसरी गोष्ट उजेडाची. ऊन खालूनहि येतें. आमच्या ज्येष्ठांतल्या उन्हास सरावलेले डोळे तेथें काळ्या चष्म्यावांचून उघडेनात. 'हिमानी' शब्द आठवला आणि नातीस त्याची व्युत्पत्ति सांगावी म्हणून वळलों, तों ती गुडघाभर खड्ड्यांत जाऊन बसलेली.

हिमावरून फळ्यांवर घसरत जाण्याचा हा खेळ येथें इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं रुजविला. त्यांनीं १९२७ सालीं येथें त्याची एक संस्थाहि काढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्यें आपल्या सैन्यानें हिमावरील युद्धाचें शिक्षण देणारी शाळा येथेंच उघडली. तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा पहिला टप्पा १९९८ सालीं कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा २००५ सालीं अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारें १३,००० फुटांपर्यंत गेला. आणि याच टापूंतला आरिफ खान हा तरुण २०२२ च्या बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्यें भारताचा एकमेव खेळाडू होता. एवढ्या मोठ्या देशाचा एकच खेळाडू, आणि तोहि टंगमर्गचा!

आमच्या संस्कृत वाचकांस याहून जुनी एक गोष्ट सांगावयास हवी. काश्मीरच्या 'नीलमतपुराणां'त कथा आहे कीं, पूर्वीं या देशांत माणसांनीं सहाच महिने राहावें, हिवाळ्याचे सहा महिने पिशाचांचे. थंडी आली कीं माणसें धान्य भरून निघून जात आणि चैत्रांत परत येत. एका वर्षीं चंद्रदेव नांवाचा एक वृद्ध ब्राह्मण मागें राहिला. पिशाचांनीं त्याचे हाल केले. शेवटीं तो नागांचा राजा नील याच्या आश्रयास गेला आणि माणसांस बाराहि महिने राहतां यावें असा वर त्यानें मागून घेतला. त्या बदल्यांत नीलानें जीं व्रतें नेमून दिलीं त्यांत पहिलें हिम पडलें म्हणजे करावयाचा एक उत्सव आहे. हिमवानाची पूजा करावी, इष्टमित्रांसह भोजन करावें, असें त्याचें विधान. त्यांत नव्या मद्याचाहि उल्लेख येतो. पण ही कथा आम्हीं सौभाग्यवतींस सांगितली तेव्हां तेवढा भाग गाळला. आजहि पहिलें हिम पडलें कीं काश्मीरी लोक एकमेकांस 'शीन मुबारक' म्हणतात. शीन म्हणजे हिम. त्या दिवशीं कोणी कागदांत गुंडाळून हिमाचा गोळा तुमच्या हातीं नकळत दिला आणि तुम्हीं तो घेतला, तर मेजवानी तुमच्याकडे लागली.

ही दुसरी माहिती आम्हांस पुराणानें दिली नाहीं, आमच्या शिक्षकानें दिली. चिरंजीवांनीं नातीसाठीं जो उस्ताद ठरविला होता तो पंचेचाळिशीचा, उन्हानें तांबूस काळा पडलेला, मितभाषी गृहस्थ. हिवाळ्यांत तो फळ्या शिकवितो, उन्हाळ्यांत त्याचें मक्याचें शेत आणि चार अक्रोडाचीं झाडें असतात. आमची बोली जुळण्यास वेळ लागला नाहीं. आमचे वडील निजामाच्या राज्यांत उर्दूंतून शिकलेले. घरांत मराठी आणि कचेरींत उर्दू ऐकतच ते वाढले, आणि त्यांच्यामुळें थोडी उर्दू आमच्याहि जिभेवर राहिली आहे. "आप तो साफ़ बोलते हैं, मास्टरजी," असें त्यानें म्हटलें तेव्हां, आमच्या वडिलांनीं त्या भाषेसाठीं खाल्लेल्या छड्या कारणीं लागल्या असें वाटलें.

आम्हीं सहज विचारलें, यंदा बर्फ कसा काय? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जनवरी में यहाँ घास थी. भूरी घास." गुलमर्गास त्या जानेवारींत हिम जवळजवळ पडलेंच नव्हतें. आलेले प्रवासी वाळलेल्या गवतावर छायाचित्रें काढून परत जात. परदेशांतून येणाऱ्यांनीं ठरविलेल्या खोल्या रद्द केल्या. घोडेवाले, घसरगाडीवाले, फळ्या भाड्यानें देणारे, कहवा विकणारे, सारे रोज सकाळीं उठून अफरवटकडे पाहत उभे राहत. मशिदींतून हिमासाठीं प्रार्थना झाल्या. महिन्याच्या शेवटीं शेवटीं आभाळ भरलें आणि फेब्रुवारीच्या आरंभीं ही रास पडली. पण तो म्हणाला, हा उशीरा आलेला बर्फ आहे. काश्मीरांत २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस 'चिल्ले कलाँ' म्हणतात, पुढच्या वीस दिवसांस 'चिल्ले खुर्द' आणि शेवटच्या दहांस 'चिल्ले बच्चा'. चिल्ले कलाँत पडलेला बर्फ गोठून घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना पाणी पुरवितो. खुर्दांतला बर्फ दिसावयास तोच, पण तो लवकर पाणी होऊन वाहून जातो.

हें ऐकतांच आमच्या मनांत मृगाचा आणि हस्ताचा पाऊस उभा राहिला. आमच्याकडेहि पाऊस किती पडला याहून कोणत्या नक्षत्रांत पडला याला महत्त्व. आदल्याच वर्षीं, २०२३ चा ऑगस्ट महिना, १९०१ पासूनच्या नोंदींत सबंध देशास सर्वांत कोरडा गेला होता. दुधनेकांठचें आमचें सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळींच माना टाकून बसलें. बंधु रोज सकाळीं ओसरीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहत. गांवांत महादेवाचा गाभारा पाण्यानें भरून पिंडी बुडविली होती. आम्हीं त्यास हें सांगितलें तेव्हां त्यानें मान हलविली. भाषांतर करावें लागलें नाहीं. त्या वर्षीं प्रशांत महासागराचें पाणी तापून एल् निनो झाला होता, हें आम्ही वर्तमानपत्रांत वाचलें होतें. त्याचा आमच्या पावसाशीं असलेला संबंध पुष्कळदां दिसून आलेला आहे. हिमाचा हिशेब त्याहून गुंतागुंतीचा आहे असें शास्त्रज्ञ म्हणतात.

असो. शिकवणीकडे वळूं. पायांत दगडासारखे जड बूट, त्यांस अडकविलेल्या पुरुषभर उंचीच्या दोन अरुंद फळ्या आणि हातांत दोन काठ्या, असा हा थाट. फळी लांब असल्यामुळें माणसाचें वजन पसरतें आणि तो रुतत नाहीं; आणि घर्षणानें फळीखालीं हिमाचा अगदीं पातळ थर पाणी होतो, त्यावरून ती निसटते. चालूं होणें सोपें, थांबणें अवघड. त्यासाठीं फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणून टांचा बाहेर लोटावयाच्या, म्हणजे नांगराच्या फाळाचा आकार होतो आणि वेग मोडतो. इंग्रजींतहि या युक्तीस हिमाचा नांगर अशाच अर्थाचें नांव आहे. नातीस ही उपमा लगेच कळली, कारण काकाआजोबांच्या मागें ती तासांतून चाललेली आहे. उस्तादाचें दुसरें वाक्य होतें, "नीचे मत देखो. जिधर देखोगे, उधर जाओगे." ती झाडाकडे पाही आणि झाडाकडेच जाई. अकरा वाजेपर्यंत तिनें झाडाकडे पाहणें सोडलें होतें.

आणि मग सौभाग्यवती म्हणाल्या, "मला बांधा त्या." सुनेचा लोकरी पायजमा, वर आमचा जुना कोट, डोक्यास मफलर. चिरंजीव घाबरले, सून हंसूं लागली, आम्हीं गुडघ्यांची आठवण करून दिली. त्या तीनदां पडल्या, तिन्ही वेळां आमच्याकडे न पाहतां उठल्या, आणि चौथ्या वेळीं तीसेक हात सरळ जाऊन नांगर धरून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारांत त्यांच्या तोंडावर तो भाव आम्हीं फार थोड्या वेळां पाहिला आहे. आम्हीं उस्तादाचा हात धरून पंधरा पावलें टाकलीं. तेवढ्यावर आमचें समाधान झालें.

हिमाची परीक्षा मात्र सौभाग्यवतींनींच खरी केली. सकाळीं नऊला वरचा पापुद्रा रात्रीच्या थंडीनें कडक झालेला असतो. पाऊल टाकलें कीं पापड मोडावा तसा आवाज होतो आणि फळी आवरत नाहीं. अकराच्या सुमारास ऊन लागून तो रव्यासारखा सुटा होतो. ही वेळ शिकणारास उत्तम. सावलींत झाडांखालीं मात्र अजून तांदुळाची पिठी. दोन वाजतां उघड्या उतारावर त्याचा भिजलेला साबुदाणा होतो, फळ्यांस चिकटतो आणि माणूस जागच्या जागीं तोंडावर पडतो. या उपमा आम्हीं उस्तादास सांगितल्या. त्यानें साबुदाणा पाहिला नव्हता. तरी दुपारच्या हिमावरून फळी ओढून दाखवीत तो म्हणाला, बहेनजींस चार दिवसांत शिक्षक करीन.

दुपारीं एका गोष्टीवरून घरांत वाद झाला. उतारावरून प्रवाशांस लांकडी घसरगाडीवर बसवून माणसें दोरीनें ओढून नेतात. आमच्याहून वयानें मोठा दिसणारा एक जण मागें लागला. माणसानें माणसास ओढावें हें आम्हांस पाहवेना. आम्हीं नाहीं म्हटलें. चिरंजीवहि म्हणाले कीं हें बरोबर नाहीं. तो म्हातारा म्हणाला, "साहब, जनवरी में किसी ने नहीं कहा कि बैठूँगा. आप भी नहीं कहेंगे तो?" आम्हीं त्यास पैसे देऊं केले, त्यानें ते घेतले नाहींत. मजुरी हवी होती, दान नको होतें. सूनबाई मुकाट्यानें जाऊन गाडीवर बसली, उतारावरच्या एका फेरीची ठरलेली मजुरी तिनें दिली, आणि चढावावर उतरून दोरीस स्वतःचाहि हात लावला. आमच्या तत्त्वापेक्षां तिचा मार्ग अधिक बरोबर होता असें आमचें मत आहे. चिरंजीवांचें अजून तसें नाहीं.

तीनच्या सुमारास पाळण्यांत बसून कोंगदूरीस गेलों. त्या दिवशीं हवा स्वच्छ होती आणि उत्तरेस फार दूर नंगा पर्बत दिसला. अफरवटच्या पाठीवरून पांच-सहा जण रेघा ओढीत खालीं येत होते. कांहीं भागांस दोर लावून बंदी केलेली होती. उस्तादानें कारण सांगितलें: हिवाळ्याच्या आरंभीं थोडाच बर्फ पडला आणि वर आभाळ निरभ्र राहिलें, तर खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात, मग त्यावर एकदम मोठी रास पडली कीं ती धड बसत नाहीं, केव्हां सरकेल याचा नेम नसतो. आम्ही परभणीस पोंचल्यावर, २२ फेब्रुवारीस, त्याच डोंगरावर हिमकडा कोसळून एक रशियन खेळाडू मरण पावला. बातमी वाचतांच नातीनें उस्तादास दूरध्वनि केला. तो सुखरूप होता. शोध घेणाऱ्यांबरोबर वर जाऊन आला होता. त्यावर तो अधिक बोलला नाहीं.

संध्याकाळीं कहवा घेतांना त्यानें विचारलें, तुमच्याकडे बर्फ कधींच पडत नाहीं का? आम्हीं गारांची गोष्ट सांगितली. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर ज्या गारा पडल्या त्या पाहिलेला माणूस त्या विसरणें शक्य नाहीं. काढणीस आलेली ज्वारी, गहूं, हरभरा झोपला. कांहीं ठिकाणीं शेतांत पांढरे ढीग दुसऱ्या दिवशींहि वितळले नव्हते, आणि मेलेले पक्षी वेंचून काढावे लागले. आश्चर्य असें कीं या गारा आणि हें गुलमर्गचें हिम एकाच घरचीं भावंडें आहेत. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्थानावरून वाऱ्याचे भोंवरे पूर्वेकडे येतात. हिमालयास अडून ते काश्मीरांत हिम टाकतात. त्यांतला एखादा जोराचा असून त्याचा थंड वारा दक्षिणेस पोंचला, आणि समुद्रावरून आलेली ओल त्यास आमच्या तापूं लागलेल्या पठारावर भेटली, कीं गारा होतात. उस्ताद म्हणाला, "तो जो हमारी रोटी है, वही आपके यहाँ ओला बनकर गिरती है." हिंदीत गारेस ओला म्हणतात.

त्यानंतर दूरध्वनि चालूं राहिले. २०२४ च्या डिसेंबरअखेर काश्मीरांत मोठें हिम पडलें तेव्हां त्यानें नातीस त्याचें छायाचित्र पाठविलें आणि खालीं 'शीन मुबारक' लिहिलें. नातीनें तें आजीस दाखविलें, आजीनें तें हातांत घेतलें, आणि नात ओरडली कीं मेजवानी आजीकडे लागली. बेसनाच्या लाडवांचा डबा टंगमर्गास गेला. टपालखर्च लाडवांहून अधिक झाला. परंतु पुढचा जानेवारी पुन्हां कोरडा गेला. २०२५ च्या २२ फेब्रुवारीपासून गुलमर्गास व्हावयाचे खेलो इंडियाचे हिवाळी सामने हिमाअभावीं पुढें ढकलावे लागले. त्या आठवड्यांत त्याचा दूरध्वनि आला. आवाज थकलेला होता. आमची ज्वारी कशी आहे असें त्यानें विचारलें. ज्वारी उत्तम होती, कणसें खुडावयास मजूर लावले होते, आणि आदल्या संध्याकाळपासून आभाळांत ढग जमले होते. बंधूंनीं रात्र ओसरीवर काढली होती. आम्हीं त्यास तें सांगितलें.

"वो बादल हमारे हैं, मास्टरजी," तो म्हणाला, "इधर भेज दीजिए."

त्या आठवड्यांत आमची मळणी कोरडी उरकली. गुलमर्गास महिनाअखेर हिम पडलें आणि सामने ९ मार्चला सुरू झाले.